मदत हवी आहे: भोर घाटाच्या मॉडेलमध्ये बँकर लावलेली मालगाडी चढणीवर घसरते

नमस्कार मंडळी,

बदलापूर-कर्जत पट्ट्यातले आम्ही काही रेल्वेप्रेमी मिळून कर्जत ते लोणावळा या घाटमार्गाचा एक तुकडा एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, उभारत आहोत. काळ १९८०च्या दशकाचा निवडला आहे, कारण तेव्हा या घाटात १५०० व्होल्ट डीसीवर चालणारी डब्ल्यूसीजी-२ इंजिने बँकर म्हणून, म्हणजे जादा साहाय्यक इंजिने म्हणून, गाड्यांना मागून रेटत असत आणि आमच्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी पाहिलेली आहेत. आपले रुंदमापी रूळ या प्रमाणात काटेकोरपणे १९.२६ मि.मी. अंतरावर यायला हवेत, परंतु तयार रूळ आणि चाके १६.५ मि.मी.ची मिळतात, म्हणून तेवढी तडजोड स्वीकारली. चढणीच्या बाबतीत मात्र तडजोड करायची नाही, असे सर्वांचे एकमत होते. भोर घाटाची चढण ३७ला १ आहे. आम्हाला १५ सें.मी. उंची गाठायची असल्यामुळे चढणीचा रूळ साडेपाच मीटरहून थोडा लांब झाला आणि तो तीन टेबलांवर विभागावा लागला.

गाडीची रचना अशी आहे: पुढे एक इंजिन, मध्ये बॉक्सएन या उघड्या मालवाघिणींचे रिकामे डबे आणि मागे दोन बँकर. तिन्ही इंजिनांच्या बॉडी थ्रीडी प्रिंट करून तयार चासीवर, म्हणजे मोटर आणि चाके असलेल्या सांगाड्यावर, बसवल्या आहेत. नियंत्रण डीसीसी पद्धतीचे आहे, म्हणजे रुळांतूनच वीज आणि डिजिटल आज्ञा दोन्ही जातात आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर त्या आज्ञा वाचून मोटर चालवतो. त्यासाठी अर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर आणि मोटर शील्डवर डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर चालवतो. रुळांवर सुमारे १५ व्होल्ट सोडले आहेत.

पहिल्या टेबलावर गाडी अतिशय देखणी चढते. दुसऱ्या बोगद्यातून पुढचे इंजिन बाहेर पडले आणि बँकर अद्याप मधल्या टेबलावरच असले, की वळणावरचा मधला एखादा डबा बाहेरच्या रुळावर चढतो आणि तिथेच घसरतो. कॅमेरा रुळाच्या पातळीवर ठेवून चित्रण केले, तेव्हा असे दिसले की घसरण्यापूर्वी डब्यांमधले कपलर (जोडणीचे आकडे) पूर्ण दाबले जातात, डबे किंचित उचलले जातात आणि मगच चाकाची कड रुळावर स्वार होते. म्हणजे डबे पुढून ओढले जाऊन आत पडत नाहीत, तर मागून रेटले जाऊन बाहेर पडतात. याच ठिकाणी पुढच्या इंजिनाचा दिवा, जो साधा तंतूचा बल्ब आहे, थोडा मंदावतो, असे आमच्यातल्या एकाच्या लक्षात आले आहे.

आतापर्यंत जे तपासले ते सांगतो, म्हणजे पुनरुक्ती टळेल. चाकांमधले अंतर गेजने तपासले आहे. बॉक्सएनची मॉडेले सव्वाबारा सें.मी. लांबीची असल्यामुळे एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार प्रत्येकाचे वजन ९७ ग्रॅमच्या आसपास यायला हवे, आणि ते तसे आणले आहे. तिन्ही इंजिनांचे वेग डीकोडरमधल्या सीव्ही २, ५ आणि ६ या वेगाच्या सेटिंग बदलून सपाट रुळावर जुळवले असून तिथे ती एकमेकांपासून सुटत नाहीत. वळणाची त्रिज्या ७५ सें.मी. आहे, जी या डब्यांना पुरेशी आहे.

मोठी अडचण अशी की या भागाचे निसर्गकाम पूर्ण झालेले आहे. सह्याद्रीचा कातळ आडव्या थरांचा असतो, त्यामुळे चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या साच्यातून निघणारे कोनाकोनांचे खडक इथे शोभत नाहीत. आम्ही थर्माकोलच्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या, त्यांच्या कडा चाकूने खरवडल्या, वर पीओपीचा पातळ थर दिला आणि आधी काळपट तपकिरी पातळ रंग भेगांत उतरू देऊन नंतर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने थरांच्या कडा फिकट केल्या. पायऱ्यांवर पावसाळ्यानंतरचे गवत म्हणून रंगवलेला काथ्या आहे. खडी पातळ केलेल्या फेविकॉलने बसवली आहे. हा कडा रुळापासून अवघ्या दोन बोटांवर उभा असल्याने तो फोडण्याची कोणाचीच तयारी नाही.

तेव्हा विचारायचे आहे ते हे: दोष बँकरच्या वेगजुळणीत शोधावा की वीजपुरवठ्यात? पुरवठ्यात असेल, तर निसर्गकाम न मोडता दुरुस्ती कशी करावी? मुख्य वायर अडीच चौरस मि.मी.ची तांब्याची आहे, परंतु तिच्यातून रुळांना जोडणाऱ्या फीडर वायर प्रत्येक टेबलाच्या खालच्या टोकालाच आहेत.

प्रतिसाद १

आपल्या वर्णनातच उत्तर आहे असे मला वाटते. मंदावणारा दिवा आणि दाबले जाणारे कपलर या एकाच कारणाच्या दोन खुणा आहेत. डीकोडर मोटरला जास्तीत जास्त तेवढाच विद्युतदाब (व्होल्टेज) देऊ शकतो जेवढा त्याला रुळातून मिळतो. सपाट रुळावर बॅक-ईएमएफच्या, म्हणजे फिरत्या मोटरमध्ये उलट निर्माण होणाऱ्या व्होल्टेजच्या, मोजणीवरून तो वेग टिकवतो, कारण त्याच्या हाती वाढवायला दाब शिल्लक असतो. चढणीवर, भाराखाली आणि घटलेल्या व्होल्टेजवर ही शिल्लक संपते. मग पुढचे इंजिन मागे पडते आणि पुरेसा दाब मिळणारे बँकर जुन्याच वेगाने रेटत राहतात.

मुख्य वायर उत्तम आहे, पण वीज तिच्यातून निघाल्यावर उरलेला प्रवास रुळांतून करते. रूळ ज्या मिश्रधातूचे असतात त्या निकेल सिल्व्हरचा विशिष्ट रोध तांब्याच्या दहापटीहून अधिक असतो. त्यात खडीचा फेविकॉल दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या जॉइनरमध्ये झिरपून सुकला असेल, तर तिथला धातूचा स्पर्श आणखी कमी झालेला असणार. खडी टाकण्यापूर्वी ठणठणीत चालणारा मार्ग नंतर रुसतो, त्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

मोजणी भार लावूनच करावी. रिकाम्या रुळावर व्होल्टेज सगळीकडे सारखेच दिसेल. १० ओहम, २५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर काही क्षण रुळांवर टेकवावा (तो चटकन तापतो, पकडीत धरावा) आणि त्याच जागी व्होल्टेज मोजावे. डीसीसीचा संदेश काही हजार हर्ट्झचा असल्यामुळे साध्या मल्टिमीटरच्या एसी आकड्यावर विसंबू नये; स्कॉट्की डायोडचा छोटा ब्रिज लावून डीसी मोजावे. जॉइनरच्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन मोजमापे घेतली की दोषी सांधा सापडतो. वेगजुळणीला तोवर हात लावू नये.

प्रतिसाद २

निसर्गकाम वाचवता येईल. सुकलेला फेविकॉल पाण्याने मऊ होतो. जिथे फीडर द्यायचा तिथली चिमूटभर खडी ड्रॉपरने भिजवून थोड्या वेळाने टोकदार चिमट्याने बाजूला सारा. रुळाच्या कड्याकडच्या बाजूला, म्हणजे प्रेक्षकांना न दिसणाऱ्या अंगाला, दोन स्लीपरच्या मध्ये २ मि.मी.चे छिद्र पाडा. अर्ध्या चौरस मि.मी.ची एकसंध तार खालून वर घ्या, तिचे टोक एल आकारात वाकवून रुळाच्या उभ्या भागाला टेकवा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवा, सोल्डरिंगचे टोक मोठे आणि चांगले तापलेले घ्या आणि काम दोन-तीन सेकंदांत उरका. लहान, अर्धवट तापलेले टोक जास्त वेळ टेकवावे लागते आणि तेच प्लास्टिक वितळवते. समोरच्या रुळासाठी आतल्या बाजूने हेच करता येईल, फक्त सोल्डर चाकाच्या कडेच्या वाटेत येऊ देऊ नका. टेबलांच्या सांध्यावर मात्र जॉइनर सोल्डर करून जखडू नका. आपल्याकडच्या दमट हवेत प्लायवुड फुगते आणि आकसते, तिथे रुळाला हलायला जागा हवी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भार लावून मोजल्यावर तिसऱ्या टेबलाच्या खालच्या टोकाला १४.२ व्होल्ट आणि बोगद्यापलीकडे, एकच जॉइनर ओलांडल्यावर, १२.१ व्होल्ट आढळले. त्या जॉइनरच्या वर आणि टेबलाच्या शेवटी फीडर जोडल्यावर आता सगळीकडे १४ व्होल्टच्या वर मिळतात, दिवा मंदावत नाही आणि गाडी त्या वळणावरून न घसरता वर जाते. कड्याला धक्काही लागला नाही. भिजवलेली खडी परत पसरून चिकटवली की जागा ओळखूही येत नाही.

यापुढचा टप्पा उतरणीचा आहे. खऱ्या घाटात उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल आणि ठाकूरवाडीला ब्रेक तपासण्यासाठी थांबतात, आणि तो थांबा आपोआप व्हावा अशी आमची इच्छा आहे. गाडी त्या भागात आल्याचे ओळखण्यासाठी डायोडवर आधारलेली सर्किट वापरणार होतो, पण ती रुळांवरचे सुमारे १.४ व्होल्ट खातात, त्यामुळे हा अनुभव घेतल्यावर रुळाच्या वायरमधला प्रवाह तिला न तोडता ओळखणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचा पर्याय अधिक योग्य वाटतो. कोणी तो डीसीसी-ईएक्सबरोबर वापरला असल्यास ट्रान्सफॉर्मरमधून रुळाची वायर किती वेळा फिरवली आणि उभ्या असलेल्या, केवळ दिवा लागलेल्या इंजिनाचीही नोंद होते का, हे कृपया कळवावे.