ओएसचा (ऑपरेटिंग सिस्टीमचा) कोर्स पहिल्यांदाच गळ्यात पडलाय : १५ आठवड्यांत काय घेऊ, काय सोडू?

नवी_मास्तरीण

नमस्कार मंडळी. सहा वर्षं डेटा स्ट्रक्चर्स आणि नेटवर्क्स शिकवतेय. ओएस शिकवणारे सहकारी अचानक लांबच्या रजेवर गेले आणि या सेमिस्टरला त्यांचा कोर्स माझ्याकडे आला, सोबत त्यांच्या ४११ स्लाइड्स. मी स्वतः ओएस शिकले ती विद्यार्थिनी असताना. त्यातलं खात्रीने आठवतं ते एवढंच, की गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ उपाशी बसलेले असतात.

वर्गात ६४ मुलं, हाताखाली दोन सहायक, आठवड्याला तीन तासिका आणि दोन तासांचं एक प्रॅक्टिकल. मुलांना सी येतं, म्हणजे पॉइंटरचा तारा एकदा लावून बघायचा, नाही चाललं तर काढून बघायचा, इतपत येतं.

स्लाइड्स चाळल्या. पहिले चार आठवडे शेड्युलिंगची (पुढे कोणता प्रोग्रॅम चालवायचा त्याची) गणितं, मग डेडलॉक (एकमेकांची वाट बघत अडकून बसणं), मग पेज रिप्लेसमेंट (मेमरी भरली की कोणतं पान काढायचं), शेवटी डिस्कचं डोकं कुठून कुठे सरकतं त्याची गणितं. प्रॅक्टिकलमध्ये हेच सगळं सीमध्ये लिहून तक्ता छापायचा. मुलं पास होतात, तक्रार कोणाचीच नाही. पण गेल्या वर्षी हा कोर्स केलेल्या एका हुशार मुलीला मी सहज विचारलं, ‘सिस्टीम कॉल आणि साधा फंक्शन कॉल यात फरक काय?’ ती म्हणाली, ‘सिस्टीम कॉल मोठा असतो.’ तेव्हापासून झोप उडालीय.

खरा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, हातात द्यावा असं वाटतंय. सुट्टीत एक्सव्ही६ हा शिकवण्यासाठीचा छोटा कर्नल वाचायला घेतला, निम्मा झाला. पण तो देऊन ६४ जणांना सांभाळता येईल का? क्रम कोणता लावू? आणि त्याच्या गृहपाठांची उत्तरं नेटवर पडलेली असतात, त्याचं काय करू?

---

जुना_पाइप

मास्तरीणबाई, घाबरू नका. हा कोर्स मी पुष्कळ वर्षं घेतलाय आणि पहिली दोन वर्षं नुसती वाया घालवलीत, तेव्हा बोलण्याचा अधिकार आहे.

एक्सव्ही६ द्याच. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सचा सांगाडा घेऊन एमआयटीत २००६ मध्ये तो शिकवण्यासाठीच नव्याने लिहिला, २०१९ पासून रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर आहे. काही हजार ओळींचा मामला. एक माणूस पूर्ण वाचू शकतो, हीच त्याची सगळ्यात मोठी लायकी. लिनक्सचं तसं नाही. तिथे मूल एका फाइलीत शिरतं ते बाहेर येत नाही. पिंटोस हा शिकवणीचा दुसरा कर्नलही चांगला आहे, पण त्याचे चार मोठे प्रोजेक्ट एकमेकांवर रचलेले. दुसरा अर्धवट राहिला की तिसऱ्याचा पाया गेला. ६४ मुलं आणि दोन सहायक असताना तो धोका पत्करू नका.

क्रमाबद्दल. पहिले दोन आठवडे कर्नलचं नाव काढायचं नाही. फोर्क (प्रोसेसची, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमची नक्कल), एक्झेक (तिच्या जागी दुसरा प्रोग्रॅम), वेट (तो संपेपर्यंत थांबणं), पाइप (एकाचं आउटपुट दुसऱ्याला) एवढ्यावर मुलांकडून छोटा शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, लिहून घ्या. दोन प्रश्न हमखास लावा. एक, ‘सीडी’ ही डिरेक्टरी बदलायची कमांड चाइल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे फोर्कने निघालेल्या नकलेत, का चालत नाही? (चाइल्ड स्वतःची डिरेक्टरी बदलतो आणि मरतो, शेल जिथे होता तिथेच.) दोन, पाइप जोडला, सगळं बरोबर दिसतंय, तरी वाचणारी बाजू लटकून का बसते? कारण पॅरेंटकडे (मूळ प्रोसेसकडे) पाइपचं लिहायचं टोक उघडंच राहिलंय आणि कर्नलला वाटतंय अजून कोणीतरी लिहिणार आहे. माझी मुलं यावर दोन-दोन रात्री घालवतात, पण फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा किंवा पाइपचा क्रमांक) पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

या आठवड्यात आणखी एक गंमत. प्रिंटएफने ‘नमस्कार’ आणि पुढे नवी ओळ छापायची, मग फोर्क करायचा. स्क्रीनवर नमस्कार एकदा येतो. तोच प्रोग्रॅम फाइलीत वळवला की दोनदा. वर्गात शांतता पसरते. स्क्रीनवर नव्या ओळीला बफर (छापायचा मजकूर साठवायची जागा) रिकामा होतो, फाइलीला होत नाही. भरलेल्या बफरसकट प्रोसेसची नक्कल निघाली, दोघांनी आपापला रिकामा केला. ‘फोर्क म्हणजे आख्ख्या मेमरीची नक्कल’ हे वाक्य त्यानंतर पाठ करायला लागत नाही.

(प्रॅक्टिकल एकाच सर्व्हरवर असेल तर आधी प्रत्येकाच्या प्रोसेसवर युलिमिट कमांडने मर्यादा घाला. कोणीतरी लूपमध्ये फोर्क लिहिणारच. माझ्याकडे पहिल्या तासाच्या अकराव्या मिनिटाला लिहिला होता.)

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सिस्टीम कॉलचा, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतो त्याचा, रस्ता. युजर प्रोग्रॅममधल्या, कर्नलमध्ये नेणाऱ्या ईकॉल सूचनेपासून ट्रॅम्पोलिन (ये-जा करायचा छोटा कोड), तिथून युजरट्रॅप (कर्नलचं ते हाताळणारं फंक्शन), तिथून सिस्टीम कॉलचा तक्ता आणि परत. हा रस्ता जीडीबी या डीबगरमध्ये एकेक पाऊल टाकत वर्गासमोर चाला. एक आख्खी तासिका जाईल, जाऊ द्या. मग गृहपाठ : एक नवा सिस्टीम कॉल घाला. तुमच्या त्या ‘मोठा असतो’वाल्या मुलीसाठी हाच आठवडा.

पाच-सहा पेज टेबल (प्रोग्रॅमच्या पत्त्याला मेमरीतलं खरं पान लावणारा तक्ता), सात-आठ कॉपी-ऑन-राइट फोर्क (पान सामायिक ठेवायचं, कोणी लिहिलं तरच नक्कल काढायची), नऊ ते अकरा थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधली समांतर कामं) आणि लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), बारा ते चौदा फाइल सिस्टीम. फाइल सिस्टीमला सोपा आणि छान गृहपाठ आहे : एक्सव्ही६ मध्ये फाइल जास्तीत जास्त २६८ ब्लॉकची होते, १२ थेट आणि २५६ एका इनडायरेक्ट (बाकीच्या ब्लॉकचे पत्ते ठेवणाऱ्या) ब्लॉकमधून. त्यातला एक थेट ब्लॉक काढून दुहेरी इनडायरेक्ट बसवा, मर्यादा ६५,८०३ वर जाते. बेरीज मुलांकडून करून घ्या. ११ अधिक २५६ अधिक २५६ चा वर्ग.

लॉक नवव्या आठवड्यात असले तरी पाचव्यातच एकदा दाखवून ठेवा, कारण एक्सव्ही६ च्या कोडात पानोपानी लॉक घेतलेले दिसतात आणि मुलं विचारतात. दोन थ्रेड, एकच काउंटर, प्रत्येकाने १० लाख वेळा एक मिळवायचा. उत्तर २० लाख येत नाही, कारण दोघं एकदम जुना आकडा वाचतात आणि एकाची बेरीज हरवते. पाच मिनिटांचं काम.

सोडायचं काय? डिस्कच्या डोक्याची गणितं : अर्धी तासिका, एसएसडीत सरकणारं डोकंच नाही. डेडलॉक टाळायचा बँकर्स अल्गोरिदम : अर्धी तासिका. शेड्युलिंग : एक आठवडा, आणि त्यात एक्सव्ही६ चा शेड्युलर वाचा. बिचारा ६४ जागांच्या टेबलावरून गोल फिरतो आणि तयार असेल त्याला उचलतो. तुमच्या वर्गातही ६४ आहेत. पासष्टावा आला तर फोर्क उणे एक परत करेल, प्रवेश विभागाला कळवून ठेवा.

नक्कलबाजीवर उपाय एकच, तोंडी. प्रत्येकी दहा मिनिटं. त्याच्याच कोडातली एक ओळ पुसायची आणि विचारायचं, आता काय बिघडेल? ६४ मुलांची ६४० मिनिटं झाली, तिघांत वाटली तर प्रत्येकी साडेतीन तास आणि वर थोडं. एका मोठ्या गृहपाठाला एवढं परवडतं. नेटवरून उतरवून समजून घेतलेला असेल तर माझी हरकत नसते, हे मी मुलांना मात्र सांगत नाही.

---

पाटीपेन्सिल

जुना_पाइप यांच्याशी बरंचसं सहमत, पण कागदावरच्या गणितांना एवढं हिणवू नका. पेज रिप्लेसमेंट मी अजून फळ्यावरच घेतो. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही पानांच्या मागणीची माळ घ्या, फिफो (आधी आलेलं पान आधी काढायचं) लावा. तीन फ्रेमना (मेमरीतल्या पानाच्या जागांना) ९ फॉल्ट, म्हणजे हवं ते पान ९ वेळा तिथे नव्हतं. मग विचारा, चार फ्रेम दिल्या तर? सगळे म्हणतात कमी होतील. करून बघतात तर १०. बेलाडीची ही विसंगती स्वतःच्या हाताने काढलेल्याला ‘मेमरी वाढवली की वेग वाढतो’ असं सहज म्हणवत नाही. त्यासाठी एक्सव्ही६ चालवायचा क्यूएमू एम्युलेटरही लागत नाही आणि वीजही.

आणि वर्गातल्या सगळ्यांनाच कर्नल जमणार नाही. तळाच्या पंधरा-वीस जणांना पास होण्यापुरतं काहीतरी हवं, ते यातूनच मिळतं.

---

रात्री_अडीच

मी दोन सेमिस्टर या कोर्सचा सहायक होतो. सरांनी क्रम सांगितला, मी पडझड सांगतो. हे एका पानावर छापून प्रॅक्टिकलच्या भिंतीवर लावा, तुमच्या सहायकांचे निम्मे ईमेल वाचतील.

क्यूएमूमधून बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स. हसू नका, पहिल्या दिवशी निम्मा वर्ग टर्मिनलची खिडकीच बंद करत होता.

‘पॅनिक : अ‍ॅक्वायर’ आलं तर तोच लॉक त्याच सीपीयूने दुसऱ्यांदा घेतलाय. बहुतेक वेळा मधल्या एखाद्या रिटर्नवर सोडायचा राहिलेला असतो.

ट्रॅपचं (प्रोसेसरने काम थांबवून कर्नलकडे जाण्याचं) कारण १३ म्हणजे वाचताना पेज फॉल्ट, १५ म्हणजे लिहिताना. कॉपी-ऑन-राइटला १५ पकडायचा असतो.

पत्त्याच्या जागी ०५०५०५ अशी रांग दिसली तर पान नुकतंच घेतलंय आणि त्यात काही भरलेलं नाही. ०१०१०१ दिसली तर सोडून दिलेलं पान अजून वापरताय. एक्सव्ही६ पान देताना ५ ने आणि परत घेताना १ ने मुद्दाम भरतो, ते याचसाठी.

आता खरा खड्डा. कॉपी-ऑन-राइटमध्ये मुलं ट्रॅप बरोबर लिहितात, साध्या चाचण्या पास होतात, आणि फाइलची चाचणी पडते. दर वर्षी. कारण कर्नल स्वतः युजरच्या पानात लिहितो तेव्हा तो पेज टेबल सॉफ्टवेअरने चालून खरा पत्ता शोधतो आणि थेट लिहितो. हार्डवेअरचा फॉल्ट येतच नाही, आणि पॅरेंट-चाइल्डचं सामायिक पान बिनबोभाट बिघडतं. कॉपीआउट या, युजरच्या पानात लिहिणाऱ्या कर्नलच्या फंक्शनमध्येही तीच तपासणी घालावी लागते. हे उत्तर आधी सांगू नका. ‘इथे कोण लिहितंय?’ एवढंच विचारा आणि निघून जा.

शेवटचं. ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणणाऱ्याला विचारा, सीपीयू किती ठेवलेस? एकावर चालतं आणि तीनवर पडतं, म्हणजे एक पान किती जण वापरतात त्या मोजणीला लॉक नाही.

---

नवी_मास्तरीण (सहावा आठवडा)

सगळ्यांचे आभार. शेल उत्तम झाला, ‘सीडी’वर तर कॅन्टीनमध्ये भांडणं झाली म्हणे. ईकॉलच्या तासिकेला मी जीडीबीत दोनदा हरवले, मुलांनीच परत आणलं.

पण जुना_पाइप, तुमच्या त्या पाच मिनिटांच्या कामाने माझी फजिती केली. दोन थ्रेड, एक काउंटर, ६४ जण बघताहेत, मी ऐटीत म्हणाले, ‘आता बघा हं, २० लाख येणार नाही.’ आलं २०,००,०००. पुन्हा चालवला. २०,००,०००. दहा वेळा. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, मग लॉक कशाला लागतात?’ तास संपला आणि मी जवळजवळ पळाले.

---

जुना_पाइप

कंपाइल करताना ओ-टू (कोड वेगवान करून द्यायचा पर्याय) होतं का?

---

नवी_मास्तरीण

होतं! नेटवर्क्सच्या मेकफाइलमधून (कंपाइलच्या सूचनांच्या फाइलीतून) ती ओळ मी जशीच्या तशी उचलली होती. तुम्ही विचारल्यावर मशीन कोड उघडून बघितला. लूपच गायब. कंपायलरने हिशोब केला की हा माणूस १० लाख वेळा एक मिळवणार, तर एकदाच १० लाख मिळवून टाकू. एकच बेरीज. दुसरा थ्रेड जन्माला येईपर्यंत पहिला आपलं काम उरकून मोकळा.

ओ-झीरोने, म्हणजे तो पर्याय बंद करून, चालवला. १३ लाख काहीतरी, मग ११ लाख, मग १७. काउंटर व्होलाटाइल करून (दर वेळी मेमरीतूनच वाचायला-लिहायला लावून) ओ-टूनेही बघितलं, तिथेही २० लाख भरत नाहीत. पुढच्या तासाला दोन्ही मशीन कोड शेजारी शेजारी लावले आणि स्वतःच्या फजितीसकट सांगितलं. तो तास त्यांना पेज टेबलपेक्षा जास्त आवडला, याचं थोडं वाईट वाटलं.

एका मुलाने विचारलं, ‘मग व्होलाटाइल लावलं की लॉक नको?’ त्याला म्हटलं, आत्ताच तर व्होलाटाइल लावूनही चुकलं, डोळ्यांदेखत. तरी नवव्या आठवड्यात तोच प्रश्न परत येणार, हे दिसतंय.

---

नवी_मास्तरीण (पंधरावा आठवडा)

धागा वर काढतेय, हिशोब द्यायचा म्हणून. फाइल सिस्टीमला दोनच आठवडे मिळाले. मध्येच वीज तुटली तर लॉग कसा सावरतो ते घाईत उरकलं, ती रुखरुख आहे. कॉपी-ऑन-राइट ६४ पैकी ४१ जणांचं पूर्ण चाललं, आणि कॉपीआउटचा खड्डा त्यातल्या बहुतेकांना लागला. तोंडी परीक्षेत तिघांना स्वतःचाच कोड ओळखता आला नाही. पाटीपेन्सिल, तुमची माळ फळ्यावर घेतली, १० आकडा बघून दोघांनी माझं गणित तपासलं.

‘मोठा असतो’वाली मुलगी या वेळी हौसेने प्रॅक्टिकलला येऊन बसायची. आता तीच बाकीच्यांना ट्रॅम्पोलिन समजावते.

अंतिम परीक्षेत काउंटरचा तो प्रोग्रॅम छापला आणि लिहिलं : ‘हा प्रोग्रॅम दहाही वेळा २०,००,००० हे उत्तर देतो. तरीही त्यात चूक आहे. चूक कोणती, आणि ती दिसत का नाही?’ गुण ८. पेपर तपासतेय. एकाने दीड पान लिहिलंय, बेरजेची एक सूचनाही दोन सीपीयूंवर का अखंड नसते इथपर्यंत पोचलाय. त्याला आठच्या आठ.

आणि एकाने एकच ओळ लिहिलीय : ‘चूक मॅडमच्या मेकफाइलमध्ये आहे.’ याला किती देऊ?

---

रात्री_अडीच

चार. चूक दिसत का नाही, हे त्याने सांगितलंय. चूक कोणती, ते नाही.