इराणी निळी-पांढरी भांडी: कला की चीनची कॉपी?

खापरफोड्या: इराणच्या सफवी राजघराण्याच्या काळातल्या केरमान-मशहद शहरांतल्या निळ्या-पांढऱ्या थाळ्यांचं जो तो कौतुक करतो. मला तर १७व्या शतकातली सरळ सरळ कॉपी वाटते. तेच चिनी पक्षी, तीच फुलं, आणि कित्येकांच्या बुडाला खोटे चिनी शिक्के, ज्यातली अक्षरं चिनी माणसालाही लागायची नाहीत. यात इस्लामी कला कुठाय?

निळावंती: आधी निळा रंग कुणाचा ते बघा ना. ९व्या शतकात बसऱ्याचे कुंभार कथिलाच्या पांढऱ्या झिलईवर कोबाल्टने, म्हणजे निळा रंग देणाऱ्या खनिजाने, नक्षी काढत होते. चिंगतेचन या चिनी भांड्यांच्या गावात निळ्या-पांढऱ्या मालाचा खरा जोर १४व्या शतकात, युआन राजवटीत, आणि त्यातल्या उत्तम मालाचा कोबाल्टसुद्धा पश्चिमेकडून आलेला. इराणातल्या काशानजवळच्या कमसरला त्याच्या खाणी होत्या.

खापरफोड्या: बसरा इराकात आहे ताई, इराणच्या खात्यात का टाकता? शिवाय इंडोनेशियात बेलितुंगजवळ ९व्या शतकातलं बुडालेलं जहाज सापडलं, त्यात चीनच्या तांग राजवटीतल्या निळ्या-पांढऱ्या थाळ्या होत्याच की.

निळावंती: होत्या, तीन! जहाज अरबी धाटणीचं, दोरीने फळ्या शिवलेलं, आणि थाळ्यांवरची नक्षीपण अब्बासी, म्हणजे बगदादच्या खलिफांच्या काळातल्या, भांड्यांवर दिसते तशी. म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या आवडीनेच बनवलेला, मग कॉपी कुणी कुणाची केली सांगा.

भट्टीवाला: मधे बोलतो. चिनी पोर्सेलिनला केओलिन नावाची खास माती लागते आणि साधारण १३०० डिग्रीची भट्टी. इराणी कारागिरांनी वेगळीच वाट काढली. काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये लिहून ठेवलंय, दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेचा चुरा, एक भाग पांढरी माती. नक्कल दिसण्यापुरती असेल पण आतला पदार्थ पूर्ण स्वतःचा, आणि असलं डोकं चालवणाऱ्याला नकलाकार म्हणणं मला तरी पटत नाही.

खापरफोड्या: पदार्थ नाइलाजाने वेगळा हो. सफवी राजा शाह अब्बासने १६११ मध्ये इराणातल्या अर्दबीलच्या दर्ग्याला हजारावर चिनी भांडी अर्पण केली. घरचं इतकं भारी होतं तर तेच द्यायचं!

निळावंती: राजाला परदेशी माल मिरवायचाच असतो, त्यावरून घरचा कारागीर हलका ठरतो का? मिंग राजवट कोसळून चिनी माल मिळेना तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने इराणी भांडीच विकली.

खापरफोड्या: मिळेना म्हणून विकली, हे तुम्हीच म्हणालात 😄

भट्टीवाला: बरं, मग केरमानची हुक्क्याची भांडी बघा. आकार इराणी, वापर इराणी, वर चिनी डोंगर आणि झाडं. यांना काय म्हणणार?

खापरफोड्या: हुक्के चालतील. थाळ्यांबद्दल मत तेच.