क्रेडिट युनियनचं खातं दुसऱ्या राज्यातून कसं चालवायचं?

प्रश्न
नोकरीमुळे आम्ही टेक्सासहून ओहायोला आलो. आमच्या क्रेडिट युनियनची (सभासदांच्या मालकीची, बँकेसारखी सहकारी संस्था) इथे एकही शाखा नाही. कारचं कर्ज तिथलंच, दरही चांगला, त्यामुळे खातं मोडायचं जिवावर येतं. मी तबल्याचे वर्ग घेते आणि बरेच पालक फी रोख देतात. चेक फोनवरून जमा होतात, पण नोटांचं काय करू? शेअर्ड ब्रँचचा, म्हणजे दुसऱ्या युनियनच्या शाखेत आपल्या खात्याचं काम करून घेण्याच्या सोयीचा, कुणाला अनुभव आहे का?

प्रतिसाद १
ताई, खातं अजिबात मोडू नका. मी एका क्रेडिट युनियनच्या काउंटरवर काम करते, असे सभासद आमच्याकडे रोज येतात. आधी तुमची युनियन को-ऑप शेअर्ड ब्रँचच्या जाळ्यात आहे का ते फोन करून विचारा, कारण सगळ्या नसतात. एटीएमचं जाळं वेगळं आणि शाखांचं वेगळं. एकात आहे म्हणजे दुसऱ्यात असेलच असं नाही.

असेल तर युनियनचं पूर्ण नाव आणि राज्य सांगायचं (सारख्या नावाच्या बऱ्याच आहेत), मेंबर नंबर आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र द्यायचं. मेंबर नंबर म्हणजे डेबिट कार्डावरचा नव्हे! त्यासाठी माणसं रांगेतून परत जातात, फार वाईट वाटतं.

रोख भरणं, काढणं, कर्जाचा हप्ता, हे सगळं होतं. पत्ता बदलणं, नवं कर्ज, कार्डाची तक्रार मात्र तुमच्याच युनियनकडे. पैसे तुमच्याच खात्यात राहतात, म्हणून एनसीयूएचं (क्रेडिट युनियनमधल्या ठेवींचा विमा देणारी सरकारी संस्था) २,५०,००० डॉलरपर्यंतचं विमासंरक्षणही तिथलंच लागू.

प्रतिसाद २
एक भर घालतो. रोख काढायला मर्यादा असते आणि ती शाखेगणिक बदलते. चेक काउंटरवर भरला तरी पैसे काही दिवस अडकू शकतात. घराच्या क्लोजिंगसारखी (घरखरेदीच्या शेवटच्या व्यवहाराची) मोठी रक्कम असेल तर शेअर्ड ब्रँचच्या भरवशावर राहू नका, आपल्या युनियनकडूनच वायर करा, म्हणजे पैसे थेट समोरच्या खात्यात पाठवा. आमची ऐनवेळी फार धावपळ झाली.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. माझ्याऐवजी नवऱ्याला पाठवलं तर चालेल?

प्रतिसाद १
खात्यावर जॉइंट म्हणून त्यांचं नाव असेल तर चालेल, त्यांचं स्वतःचं ओळखपत्र लागेल. नाव नसेल तर आधी तुमच्या युनियनला फोन करून ते घालून घ्या.