मदत हवी आहे : दिवाळखोरीच्या अर्जात कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय बंद असल्यास नोटीस बजावणी कशी सिद्ध करावी?

नमस्कार,

भोसरी एमआयडीसीत माझा पुठ्ठ्याचे खोके बनवण्याचा लहान कारखाना आहे. एका कंपनीकडे आमच्या मालाचे १ कोटी १४ लाख रुपये दोन वर्षांपासून थकले आहेत. रक्कम अशा अर्जासाठी लागणाऱ्या किमान एक कोटीच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने आणि मालाबद्दल तिची कधीच तक्रार नसल्याने वकिलांच्या सल्ल्याने आम्ही दिवाळखोरी संहितेच्या कलम ८ खाली मागणी नोटीस पाठवली. दहा दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून कलम ९ खाली एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठात कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. इथपर्यंत सारे सुरळीत झाले. अडले आहे ते बजावणीवर.

कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय अंधेरीत आहे. तेथे स्पीड पोस्टाने पाठवलेली मागणी नोटीस आणि नंतर अर्जाची प्रत, दोन्ही पाकिटे ‘लेफ्ट’ (पत्ता सोडून गेले) असा लाल शाईतला शेरा घेऊन परत आली. मी स्वतः जाऊन पाहिले. शटर खाली होते, पाटी काढलेल्या जागी भिंतीत स्क्रूची चार भोके राहिली होती आणि शटरच्या फटीतून आत सरकवलेली विजेची बिले दिसत होती. ऑफिस दिवाळीतच रिकामे झाल्याचे रखवालदाराने सांगितले. मी फोटो काढून ठेवले आहेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मात्र आजही तोच पत्ता आहे. वास्तविक कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे पत्ता बदलल्यास तीस दिवसांत निबंधकांना कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. तिने ते केले नाही, तर त्याचा भुर्दंड आम्ही का सोसावा, हे मला मनापासून पटत नाही.

मागणी नोटीस आम्ही पूर्णवेळ संचालकांच्या ईमेलवरही पाठवली होती. याच पत्त्यावरून ते आम्हाला ऑर्डरी पाठवत असत आणि आमचा ईमेल परत आलेला नाही. अर्जाची प्रत मात्र फक्त पोस्टाने गेली. मागच्या तारखेला खंडपीठाने पुन्हा बजावणी करून तसे प्रतिज्ञापत्र दाखल करण्यास सांगितले. पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे.

माझा मुख्य प्रश्न असा, की जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २७ मधील गृहीतक, म्हणजे योग्य पत्त्यावर रीतसर पाठवलेले टपाल पोचले असे मानणे, ‘लेफ्ट’ शेऱ्यालाही लागू पडते का? ‘घेण्यास नकार’ असा शेरा असता तर मी निर्धास्त असतो. येथे पाकीट कोणाच्या हातीच गेले नाही, तेव्हा मंत्रालयाच्या नोंदीचा उतारा, फोटो आणि परत आलेली पाकिटे जोडल्यास एवढे पुरेल का?

वकील वृत्तपत्रात जाहिरात देऊन पर्यायी बजावणी करावी असे म्हणतात. एनसीएलटी नियमावलीतील नियम ३५ प्रमाणे जाहिरात एक मराठी आणि एक इंग्रजी दैनिकात, सुनावणीच्या किमान चौदा दिवस आधी यावी लागते, म्हणजे माझ्या हाती जेमतेम आठवडा उरतो. नियमात नोंदणीकृत कार्यालयाचा जिल्हा सांगितला आहे, पण कंपनीचा कारखाना चाकणला आहे आणि तो अजून चालू आहे. पुणे आवृत्तीतही जाहिरात द्यावी आणि कारखान्याच्या फाटकावर प्रत लावून पंचनामा करावा, असे मला वाटते. खर्च वाढेल, तरी चालेल. उद्या एकतर्फी आदेश झाला आणि कंपनीने अपिलात ‘आम्हाला नोटीसच मिळाली नाही’ एवढा एकच मुद्दा मांडला, तर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, ही भीती मला सोडत नाही.

ज्यांनी मुंबई खंडपीठासमोर असे प्रतिज्ञापत्र दाखल केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की जाहिरातीसाठी आधी वेगळा अर्ज करून परवानगी घ्यावी लागली का, आणि संचालकांना ईमेलने पाठवलेली अर्जाची प्रत बजावणी म्हणून स्वीकारली गेली का. येत्या सोमवारी वकिलांची भेट आहे. त्याआधी उत्तर मिळाल्यास फार उपकार होतील.