बिली द किड मरताना खरंच 'किएन एस' म्हणाला का?

रानवाट: मंडळी, सध्या बिली द किड या अमेरिकेतल्या कुख्यात डाकूवर वाचतोय आणि एका जागी अडकलोय. १४ जुलै १८८१ ची रात्र, न्यू मेक्सिकोतलं फोर्ट समनर, ओळखीच्या पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत बिली शिरतो, पलंगापाशी कुणीतरी बसलंय असं वाटून स्पॅनिशमध्ये विचारतो 'किएन एस?', म्हणजे कोण आहे, आणि शेरीफ पॅट गॅरेट गोळी झाडतो. पण हे सांगतोय कोण, तर ज्याने मारलं तोच! मग विश्वास कसा ठेवायचा?

कातळ: शंका रास्त आहे. गॅरेटच्या नावावर १८८२ ला जे पुस्तक आलं त्यातलं बरंचसं त्याचा मित्र ॲश अपसनने लिहिलेलं, आणि तो तिखटमीठ लावून लिहायचा. पण मॅक्सवेललाही विसरू नका, तो त्याच खोलीत होता ना. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर त्यानेही हेच सांगितलं, बिलीने दोनदा विचारलं कोण आहे, आणि गॅरेटने दोन गोळ्या झाडल्या.

दूरदेशी: मॅक्सवेल काय वेगळं सांगणार होता, गावात शेरीफ आणि त्याची माणसं अजून होतीच की. मला तर शब्दांपेक्षा पिस्तुलाचा संशय जास्त येतो. गॅरेट म्हणतो बिलीच्या हातात पिस्तूल होतं, काहीजण म्हणतात नुसती सुरी होती, मांस कापून आणायला निघाला होता बिचारा. डोक्यावर ५०० डॉलरचं बक्षीस असलेल्या माणसाला निःशस्त्र मारलं असं कोण कबूल करेल?

कातळ: पिस्तुलाबद्दल पटलं. पण म्हणूनच मला ते शब्द खरे वाटतात. गॅरेटला रचूनच सांगायचं असतं तर त्याने बिलीच्या तोंडी एखादी धमकी घातली असती, इथे तर तो स्वतःच सांगतोय की समोरचा नुसता प्रश्न विचारत होता आणि मी गोळी घातली, यात त्याची काय शोभा? आणि स्पॅनिश का, तर तिथली बहुतेक वस्ती स्पॅनिश बोलणारी, बिलीलाही ती छान यायची. लिंकन गावच्या जेलमधून दोन पहारेकऱ्यांना मारून पळालेला माणूस अंधारात आधी गोळी न घालता विचारतो, कारण खोलीत आपलंच कुणीतरी असेल असं त्याला वाटलं असणार.

रानवाट: हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मग बाहेर बसलेल्या दोघांबद्दल, म्हणजे गॅरेटच्या डेप्युटींबद्दल, बिलीने आधी पीटला विचारलं होतं ना, हे कोण आहेत म्हणून? मॅक्सवेलने उत्तरच दिलं नाही बहुतेक. मला तर तेच जास्त लागलं.