गावचं कुत्रं जर्मनीला नेणं म्हणजे माज?

आर्वीची लेक:
काल इथे एकाने लिहिलं, "गावचं कुत्रं विमानात घालून परदेशी नेणारे आपलेच लोक पाहिले की डोकं फिरते. तेवढ्या पैशात एखाद्या शेतकऱ्याच्या दारी गोऱ्हा उभा राहिला असता. हा पैशाचा माज आहे." नाव घेतलं नसलं तरी बोट माझ्याकडे आहे हे कळतं. म्हणून सविस्तर लिहिते.

मी जर्मनीला आणलेला काळू हा माझ्या बाबांचा कुत्रा. हरभऱ्याच्या जागलीला रात्र रात्र त्यांच्या मचाणाखाली बसायचा. त्याचा डावा कान मधोमध फाटलेला आहे. रानडुक्कर बाबांवर धावून आलं तेव्हा हा मधे पडला होता. बाबा गेले, वावर मक्त्याने दिलं, आई नागपूरला भावाच्या फ्लॅटमध्ये गेली. त्या सोसायटीत कुत्रं चालत नाही. मग त्याला कुणाच्या दारी सोडायचं होतं?

नेणंही सोपं नव्हतं. गावात लस टोचून घेतली, मग नागपूरला कातडीखाली ओळखीची चिप बसवली. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाले, ताई, उलटं झालं. चिप आधी, लस नंतर. चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस युरोपात धरतच नाहीत. पुन्हा लस. तीस दिवस थांबून रक्त, तेही युरोपने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेकडे. लसीने रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं मिलीलीटरला किमान ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) भरली पाहिजेत. भरली, तरी रक्त काढल्यापासून तीन महिने कुत्रं भारतातच, कारण रेबीजच्या बाबतीत आपला देश त्यांच्या यादीत नाही. शेवटी मुंबईला जाऊन आरोग्याचा सरकारी दाखला, तोही दहा दिवसांपुरता. पाच महिने गेले यात.

आणि इथला, जर्मनीतला खर्च? नोव्हेंबर २०२२ पासून कुत्र्याच्या साध्या तपासणीचा दर २३.६२ युरो, वर कर. हा कमीत कमी दर, याच्या खाली डॉक्टर जाऊच शकत नाही. रविवारी रात्री नेलं तर ५० युरो वेगळे आणि दर किमान दुप्पट. कुत्रं पाळल्याचा कर नगरपालिकेला भरते तो निराळा. दोन दिवाळ्या गावी आले नाही, त्या पैशात हे भागवलं. याला माज म्हणू नका.

वणीकर:
ते मीच लिहिलं ताई, अन् शब्द मागं घेत नाही. बाबांचं दुःख खरं हाय तुमचं. पण २०२२ च्या लंपीत, त्या गुरांच्या चामडीच्या रोगात, माझा बैल गोठ्यात बसला तो उठलाच नाही. अंगभर गाठी, गळ्याखालच्या पोळीले सूज, तोंडातून लाळ. दवाखान्यात गेलो तं कुलूप. डाक्टरले फोन लावला तं त्याच्याकडे अजून दोन दवाखान्यांचा चार्ज. तिसऱ्या दिवशी आला, तवर बैल गेला होता. पुढच्या पोळ्याले तोरणाखाली जोडीतला एकटाच उभा केला मी. तुमच्या कुत्र्याले रविवारी रात्री डाक्टर भेटते, माझ्या बैलाले सोमवारी दुपारी भेटत नाही. राग येऊ नये का मले?

आर्वीची लेक:
यावा. पण माझ्यावर का? काळूला गावातच सोडलं असतं तर तुमच्या दवाखान्याचं कुलूप उघडलं असतं का?

दर्यापूरची मावशी:
माझी मुलगी ऑस्ट्रेलियात. तिचं मांजर माझ्याकडेच राहिलं, कारण तो देश भारतातून थेट जनावर घेतच नाही. आधी त्यांच्या यादीतल्या देशात ठेवायचं आणि मग तिथून न्यायचं. आता व्हिडिओवर मांजर दिसलं की पोरगी रडते. यांचं नशीब तरी नेता आलं.

अकोटवाला:
वणीकर भाऊ, लस टोचली होती का बैलाला? लंपीत गोटपॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची लस फुकट दिली होती. आमच्या गावात लोकांनी गाईंना टोचू दिली नाही, दूध आटते म्हणून. हळद-तेलाचे लेप लावत बसले, आणि जनावर गेलं की दोष डॉक्टरचा.

वणीकर:
मेलेल्या बैलाच्या मालकाले असं विचारतात का हो? आमच्या गावात लस आली तवर रोग घरोघर फिरून गेला होता. लेप मीही लावला. डाक्टर नाही तं काय करू, बैलाकडे पाहत बसू?

गुरांचा डॉक्टर:
मी त्याच वर्षी असाच तीन दवाखान्यांच्या चार्जवर होतो, म्हणून बोलतो. एका दिवशी गोठे करायचे किती? मोटारसायकलला बर्फाचा डबा बांधून लस नेत होतो. वणीकरांचा बैल मी पाहिला नाही, पण असे बैल पाहिलेत. पोहोचलो तेव्हा मालक डोळ्याला डोळा देत नव्हता.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही तिथेच. तरी शिकून बाहेर पडलेली पोरं शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकतात. गाभण म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायला रात्री दोन वाजता कोण येतो? १९६२ या नंबरवर फोन केला तर फिरतं पथक येतं, हे खरं. पण त्याने रिकाम्या खुर्च्या भरत नाहीत.

आर्वीची लेक:
डॉक्टर, इथे जर्मनीतही खेड्यात गुरांचे डॉक्टर मिळेनात अशी ओरड आहे. नवीन पोरं शहर सोडत नाहीत. हे काल मी सांगितलं असतं तर वणीकर दादा म्हणाले असते, सारवासारव करते.

वणीकर:
म्हटलं असतं. अन् ठीक हाय, 'माज' हा शब्द चुकला. पाच महिने त्या कुत्र्यासाठी थांबलात, ते माजवाल्याचं काम नाही. बाकी सगळं तसंच ठेवतो.

अकोटवाला:
मीही लसीचं विचारायला नको होतं. पण लस टोचाच, हे म्हणणं सोडत नाही.

वणीकर:
मग ऐका. आमच्या गावात दहा-बारा मोकाट कुत्रे हायेत, लेकरं शाळेत जातात त्याच रस्त्यावर. मागच्या महिन्यात एका पोराले चावलं, सुया घ्यायले तालुक्याले चकरा झाल्या. कुत्र्यांवर एवढं बोललो आपण, तं त्यांना रेबीजची लस द्यायले कोणी येते का, पोळ्याच्या आत?

गुरांचा डॉक्टर:
लस मी आणतो. कुत्री धरणारी चार माणसं आणि दोन जाळ्या हव्यात.

आर्वीची लेक:
लसीचे पैसे माझ्याकडून घ्या डॉक्टर.

वणीकर:
माणसं मी देतो, जाळ्याही आणतो. पण बैलाच्या दवाखान्याचं कुलूप तेवढं इथं कोणीच उघडलं नाही, हे लिहून ठेवा.