ग्लिसरॉल वाढवण्याआधी
कोंबुचाचा (आंबवलेल्या चहावर जिवाणू विणतात तो सेल्युलोज तंतूंचा) पापुद्रा वाळला की तडकतो म्हणून ग्लिसरॉल (मऊपणा आणणारा दाट द्रव) वाढवा, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. लवचिकपणा येतो खरा, पण ग्लिसरॉल हवेतली ओल ओढतं आणि ताणशक्ती, म्हणजे ओढ सोसण्याची ताकद, घटते. पावसाळ्यात चिकचिक होते ती त्यामुळेच.

आधी सौम्य कॉस्टिक सोड्यात गरम करून जिवाणू काढा, मग भरपूर पाण्याने धुवा. ओल्या पापुद्र्यात जवळपास ९९ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये ते उडालं की तंतू एकमेकांना घट्ट धरतात आणि पुन्हा भिजवूनही पूर्ववत फुगत नाहीत. म्हणून कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा पदार्थ) किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) मुरवायचं ते पापुद्रा ओला असतानाच!

आणि ताणचाचणीआधी सगळे नमुने २३ अंश सेल्सिअस, ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. नाहीतर तुमच्या-माझ्या आकड्यांची तुलना कशी करायची?